न पिणाऱ्याची पिल्सनर

‘छान’ हा शब्द काकांच्या घरात उच्चारायची सोय नव्हती. पोहे खाऊन कुणी ‘छान झालेत’ म्हटलं की ते हातातला चमचा खाली ठेवायचे आणि विचारायचे, “छान म्हणजे काय?” मीठ बरोबर आहे का, कांदा कच्चा राहिलाय का, परवाच्यापेक्षा बरे की वाईट? आपण सकाळी अर्धवट झोपेत पोहे चिवडत बसलेलो आणि समोर हा माणूस आपली उलटतपासणी घेतोय. एकदा वैतागून मी म्हटलं, “काका, छान म्हणजे मला भूक लागली होती, बस्स.” तर स्वारी खूश. “हां, हा रिपोर्ट झाला,” म्हणाले. “छान हा काही रिपोर्ट नव्हे.”

काका नात्याचे नव्हेत, ऑफिसातले. ते सॉफ्टवेअर टेस्टर होते, त्यामुळे हे वेड धंद्यातूनच आलेलं. सगळा जन्म दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात गेला. अ‍ॅमस्टरडॅमजवळ हूफडॉर्पच्या आमच्या ऑफिसात टेस्टिंगचा सगळा कारभार त्यांच्याकडे, आणि मी नाशिकरोडहून नुकतीच येऊन पडलेली. माझा पहिला प्रोग्रॅम त्यांनी असा काही सोलून काढला की मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले. बाहेर आले तर हे कॉफीच्या मशीनपाशी उभे. “रडलीस?” म्हणाले. “बरं झालं. ज्यांच्याकडून काही अपेक्षा नसते त्यांना मी ‘ओके’ लिहून मोकळा होतो.” आता याला कौतुक म्हणायचं की काय, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

त्यांच्या घरी राहायला गेले तेही असंच. कंपनीने दिलेली हॉटेलची मुदत संपत आली होती आणि भाड्याचं घर काही केल्या मिळत नव्हतं. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता म्हणाले, “माझ्या माळ्यावर एक खोली आहे. उन्हाळ्यात तापते, नळ ठिबकतो, जिना इतका उभा आहे की पहिल्या आठवड्यात तू पडणार. येतेस?” असं आमंत्रण मला जन्मात कुणी दिलं नव्हतं. मी गेले, आणि पहिल्याच आठवड्यात पडले.

आईने फोनवर पहिला प्रश्न विचारला, “घरात बायको आहे ना?” बायको नव्हती. काकांनी लग्नच केलेलं नव्हतं. झालं, आईने जेवण सोडायचंच काय ते बाकी ठेवलं. शेवटी काकांनी मिरजेच्या आपल्या थोरल्या बहिणीला, अक्कांना, आईचा नंबर दिला. त्या दोघींनी एकमेकींची माहेरं, सासरं, गुडघेदुखी सगळं काढलं आणि त्यांच्यात काय ठरलं कोण जाणे, मला परवानगी मिळाली. अक्कांनी जाता जाता आईला एवढंच सांगितलं होतं, “आमचा भाऊ साधा आहे हो. फक्त तो शेडमध्ये दारू गाळतो. पण पीत नाही.”

आईने हे मला सांगितलंच नाही! तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

पण ते अगदी खरं होतं. काका मागच्या अंगणातल्या लाकडी शेडमध्ये बिअर बनवायचे आणि स्वतः एक घोटही घ्यायचे नाहीत. कुठला नेम नाही, कुणाला दिलेला शब्द नाही. एकदा चव घेऊन बघितली होती म्हणे. “कारल्याच्या पाण्यात सोडा,” हा त्यांचा रिपोर्ट. विषय संपला.

मग करायचे कशाला? तर तेही ऐकण्यासारखं आहे. ते या देशात आले त्या पहिल्या वर्षी डिसेंबरात ऑफिसात चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेटी द्यायचा खेळ झाला. यांच्या वाट्याला आली घरी बिअर बनवायची पेटी. देणाऱ्याला बिचाऱ्याला काय माहीत! त्यात एक पाकाचा डबा, यीस्टची पुडी, झाकणाची मोठी प्लॅस्टिकची बादली आणि सूचनांचा एक कागद. दुसरा कुणी असता तर पेटी कुणाला तरी देऊन टाकली असती. काकांनी सूचना वाचल्या. “इतक्या वाईट लिहिल्या होत्या गं,” ते मला सांगत होते, अजूनही तेवढ्याच संतापाने. “पाणी किती गरम ते लिहिलेलं नाही. ढवळायचं कधी थांबवायचं ते लिहिलेलं नाही. म्हटलं, यातनं बिअर होते तरी कशी ते बघूच.” आणि जे बघायला लागले ते दर हिवाळ्याला बघतच राहिले.

पहिल्यांदा त्यांनी तो डबा फोडून मला दाखवला तेव्हा मी ओरडलेच, “काका, ही तर काकवी!” दिसायला अगदी तशीच, काळपट, दाट, चमच्यावरून लांब तार सुटणारी. फक्त वास वेगळा, भाजलेल्या धान्याचा आणि कसल्यातरी कडू पाल्याचा. ती गरम पाण्यात विरघळवायची, गार पाणी घालून बादली भरायची, निवलं की वरून यीस्ट भुरभुरायचं आणि झाकण लावायचं. झाकणावर एक वाकडी नळी, तिच्यात पाणी. आत आंबायला लागलं की त्या नळीतून बुडबुडे येतात. सांगायला एवढंच. पण त्यांचं सोवळं बघायला हवं होतं! बादली, चमचा, नळी, बाटल्या, सगळं औषधाच्या पाण्यात बुडवून काढायचे. मी दारातून डोकावले तर म्हणायचे, “लांब हो, शिंकशील.” धुतलेला सदरा घातल्याशिवाय शेडमध्ये पाऊल टाकायचे नाहीत. देवपूजेला मात्र कधी बसलेले मी पाहिले नाहीत.

“आणि लक्षात ठेव,” मला बजावायचे, “पिल्सनरला गारठा लागतो. दहा-बारा अंश, त्याच्यावर नाही. बाकीच्या बिअरी उबेत चार दिवसांत होतात. हिला सावकाश होऊ द्यायची. घाई झाली की चव फाटते.”

“तुम्हाला कसं कळणार चव फाटली ते?”

हा प्रश्न मी सहज विचारला होता. त्यांचा चेहरा पडला. खरी गोम तिथेच होती. त्यांची बिअर प्यायचे ते आमचे शेजारी, आणि ते कधी खरं सांगायचे नाहीत.

शेजारी म्हणजे ‘बुर्मान’. डचमध्ये शेजाऱ्याला बुर्मान म्हणतात, आणि ते दोघे वर्षानुवर्षं एकमेकांना बुर्मानच म्हणत आले होते. आयुष्यभर विमानतळावर लोकांच्या बॅगा उचलून निवृत्त झालेला, दाराएवढ्या खांद्यांचा माणूस. बायको मी यायच्या आधीच वारलेली. तोंड मात्र असं फटकळ की विचारू नका. मला पहिल्या भेटीत म्हणाले, “तुझा कोट मूर्खपणाचा आहे. थंडीत मरशील.” दुसऱ्या भेटीत, “तुझं डच भयंकर आहे, पण थांबू नकोस.” पलीकडच्या घरातली बाई कौतुकाने ॲपलपाय घेऊन आली तर तिच्या तोंडावर, “खालून कच्चा आहे.” ती बाई रागावली नाही हो! पुढच्या खेपेला जास्त भाजून आणला. काकांच्या कुंपणाची झुडपं वाकडी कापली जातात, काकांची कचऱ्याची पेटी चुकीच्या दिवशी बाहेर येते, काकांच्या सायकलची चेन म्हणजे लाजिरवाणा प्रकार, हे सगळं बुर्मान दर आठवड्याला कुंपणावरून ऐकवायचे, आणि काका तितक्याच आनंदाने ऐकून घ्यायचे.

पण काकांनी बिअरचा ग्लास पुढे केला की त्याच माणसाचं काहीतरी व्हायचं. एक घोट घ्यायचे, जरा लांब बघायचे आणि म्हणायचे, “लेक्कर, हूर.” म्हणजे छान आहे हं. झालं. ग्लास सावकाश संपवायचे, आभार मानायचे आणि घरात जायचे.

दरवर्षी तेच. त्याच सुरात.

काका टेस्टर माणूस, ते स्वस्थ बसतायत होय? एका हिवाळ्यात त्यांनी काय करावं? सुपरमार्केटमधून चांगल्या नावाजलेल्या पिल्सनरच्या बाटल्या आणल्या आणि त्यातली बिअर आपल्या बाटल्यांत भरली. देशातले निम्मे लोक पितात ती बिअर. ग्लासात ओतून बुर्मानना दिली आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून बघत होते. एक घोट. लांब बघणं. “लेक्कर, हूर.” काडीचा फरक नाही. काका आत आले, ग्लास सिंकमध्ये ठेवला आणि खुर्चीवर बसले.

“तो माझी बिअर पीतच नाही गं,” म्हणाले. “तो माझ्याशी सभ्यपणे वागतोय.”

“मग काय बिघडलं? चांगलंच आहे की.”

“चांगलं?” मान वर करून माझ्याकडे असे बघायला लागले की मी काहीतरी बेअक्कल बोलले हे मला कळलं. “अगं, तो त्या ॲपलपायवाल्या बाईला खरं सांगतो. पोस्टमनला सांगतो. तुला सांगतो, तू कालची आलेली. मला झुडपांचं सांगतो, चेनचं सांगतो. पण मी माझ्या हाताने जे करून देतो त्याचं सांगत नाही. पाहुण्याला असं म्हणतात. इतकी वर्षं झाली, इथला पासपोर्ट झाला, तरी मी त्याच्या अंगणात पाहुणाच.”

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगते, थोडा रागही आला. एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसायचं? मी म्हटलं, “तुम्हीच एक घोट घेऊन बघा ना. आपलं आपल्याला कळेल.” त्यावर म्हणाले, “ज्याला मुळात आवडत नाही त्याचा रिपोर्ट धरत नाहीत.” मग मला म्हणाले, “तू सांग. नाशिकची आहेस, तुला वाइनबिइनचं कळत असेल.”

“काका, मी नाशिकरोडची. आम्हाला मिसळीचं कळतं.”

माझं मत बाद झालं.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात बुर्माननी घर विकलं. मुलगी ग्रोनिंगेनला, तिच्या घराशेजारी जागा मिळाली होती, मार्चमध्ये जायचं होतं. हे त्यांनी कुंपणावरून सांगितलं आणि लगेच झुडपांवर घसरले. काका आत येऊन बराच वेळ चहाचं आधण उकळत उभे राहिले. मग म्हणाले, “या वेळची शेवटची. या वेळी अशी करायची की त्याच्या तोंडून खरं ‘लेक्कर’ निघालं पाहिजे. खरं निघालं तर मला कळेल. आवाज वेगळा येईल.” मी म्हटलं, आणि नाही निघालं तर? त्यांनी चहा गाळायला घेतला. जाण्याआधी या माणसाच्या तोंडून आपल्या बिअरबद्दल एक खरा शब्द ऐकायचा, एवढंच त्यांना हवं होतं. त्या हिवाळ्यात ते दुसऱ्या कशाबद्दल बोलायचेच नाहीत.

डब्याबरोबर येणारी यीस्टची पुडी त्यांनी फेकली. ती खरी पिल्सनरची नसते म्हणे. खास थंडीत काम करणारं यीस्ट मागवलं. डिसेंबरअखेर बादली भरली, शेडमध्ये ठेवली, आणि त्याच आठवड्यात अक्का आल्या.

लोक इकडे ट्यूलिप बघायला येतात. अक्कांचा व्हिसा उशिरा झाला, म्हणून त्या आल्या ऐन डिसेंबरात, दोन स्वेटर, एक कानटोपी आणि हाताने शिवलेली गोधडी घेऊन. सत्तरीच्या, ठेंगण्या, कायम काहीतरी निवडत नाहीतर दळत असलेल्या. आल्या दिवशीच जाहीर करून टाकलं, “त्या शेडमध्ये मी पाय ठेवायची नाही. दारू ती दारू. तू पी नाहीतर नको पिऊ.” काका म्हणाले, “नको ठेवूस. फक्त झाकण उघडू नकोस म्हणजे झालं.” “मी कशाला उघडतेय मेलं,” अक्का म्हणाल्या. काकांचं समाधान झालं.

जानेवारीत काकांना टिलबर्गला जावं लागलं. तिथल्या एका गोदामवाल्या गिऱ्हाइकाचं सॉफ्टवेअर चालू व्हायचं होतं, आठवडाभर तिथेच मुक्काम. मी सकाळी अंधारात ऑफिसला जायची, संध्याकाळी अंधारात यायची. शेडकडे बघायचा संबंधच नव्हता. गुरुवारी घरी आले तर बैठकीच्या खोलीत वेगळाच वास. पिकलेल्या केळ्यांचा. मी म्हटलं, अक्का शिकरण करतायत वाटतं. दिवा लावला आणि जे दिसलं ते मी या जन्मात विसरणार नाही.

रेडिएटरला टेकून ती बादली. तिच्याभोवती मिरजेची गोधडी, वर सुतळीने बांधलेली. झाकणावर कानटोपी चढवलेली आणि तिच्यातून ती नळी बाहेर आलेली. नळीत बुडबुड बुडबुड, एकसारखं चाललेलं.

“अक्का! हे काय केलंत?”

अक्का सोफ्यावर बसून मेथी निवडत होत्या. चेहऱ्यावर विजय. “बघ की, कसं फसफसतंय! शेडमध्ये झाडू आणायला गेले तर मेलं गारठून पडलेलं. बुडबुडा नाही, काही नाही. आंबायला ठेवलेल्या वस्तूला असं उघड्यावर टाकतात होय गं? ऊब नको? इडलीचं पीठ असं ठेवलं असतं तर चार दिवस वर आलं नसतं. हा शिकलेला माणूस, पण एवढं कळत नाही.”

“पण अक्का, तुम्ही तर शेडमध्ये पायसुद्धा—”

“दारू वाईटच. पण आंबायचं अडलेलं मला बघवत नाही.”

मी विचारलं, एवढी जड बादली आत आणली कशी? तर म्हणे बाजूच्या त्या भल्या माणसाला खुणा करून बोलावलं. त्याने एका हाताने उचलून आणली, यांनी त्याला शंकरपाळे दिले, त्याने खाल्ले आणि काहीतरी म्हणाला. सोमवारपासून बादली तिथेच होती; मी रोज रात्री स्वयंपाकघरात जेवून सरळ माळ्यावर जात होते, बैठकीच्या खोलीत डोकावलेच नव्हते.

मी जिन्यात जाऊन काकांना फोन लावला. सगळं सांगितलं.

“तापमान बघ,” ते म्हणाले. मी बघितलं, सांगितलं. “केळ्याचा वास येतोय?”

“येतोय.”

“हं.” मग म्हणाले, “अक्काला काही बोलू नकोस. तिने मायेने केलंय. चूक माझ्या सूचनांत आहे. झाकण उघडू नकोस सांगितलं, ऊब देऊ नकोस नाही सांगितलं.”

मला रडूच फुटलं. त्यांचा आवाज इतका साधा होता म्हणून. नवीन करायला वेळ नव्हता. पिल्सनर नीट व्हायची, मग बाटल्यांत भरून थंडीत मुरायची, त्याला आठवडेच्या आठवडे लागतात आणि बुर्मान मार्चच्या सुरुवातीला निघणार होते. मी म्हटलं, “ओतून देऊ या काका. मी दुकानातून आणते.” तर पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. “चूक सापडली म्हणून प्रोग्रॅम लपवून ठेवतेस तू? जे झालंय ते द्यायचं.”

मार्चातल्या पहिल्या ऊन पडलेल्या रविवारी आम्ही मागच्या अंगणात बसलो. इथे जरा ऊन दिसलं की सगळी माणसं कोट घालून, नाकं लाल करून बाहेर खुर्च्या टाकतात, तसे आम्ही चौघं. बुर्मानच्या घरातलं सामान खोक्यांत गेलं होतं. अक्कांनी चकल्या केल्या होत्या. काकांनी बाटली उघडली, ग्लासात ओतली. रंग सुरेख होता, ते मान्य करायला हवं, सोनेरी, वर पांढरा फेस. काकांनी ग्लास दोन्ही हातांनी पुढे केला. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी चकल्यांकडे बघत राहिले.

बुर्माननी घोट घेतला. लांब बघितलं. “लेक्—” म्हणाले, आणि थांबले.

मग ग्लास उन्हात धरून बघितला. पुन्हा एक घोट. आणि सगळ्या अंगणात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “बुर्मान, हे काय आहे? ही पिल्स नाही. हे केळं आहे!”

काका खुर्चीच्या कडेवर आले. “अजून?”

“अजून काय? केळं, आणि मागून नखाला लावायच्या रंगाचा वास. घाण आहे.”

“गेल्या वर्षीची?”

बुर्माननी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा अक्कांकडे. “पाणी.”

“त्याच्या आधीची?”

“ओला पुठ्ठा.”

“आणि पहिली? अगदी पहिली?”

“पहिली तर मी झाडाला घातली. ते झाड आठवतं का तुला? मेलं ते.”

“काय म्हणतोय गं तो?” अक्कांनी मला कोपराने ढोसलं.

“शिव्या देतोय.”

“अगंबाई! आणि हा हसतोय काय?”

काका हसतच होते. खांदे हलत होते, चष्मा काढला होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते त्यांना पुसायचंही सुचत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, एवढी वर्षं हे मनात दाबून ठेवलेलं असावं असं, “मग मला कधी सांगितलं का नाहीस? मला वाटलं, मी बाहेरचा म्हणून.”

“बाहेरचा?” बुर्मानना तो प्रश्नच कळला नाही. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “ही बाहेरची नाही? हिचा कोट मूर्खपणाचा आहे हे मी हिला पहिल्याच दिवशी सांगितलं.” मग ग्लास खाली ठेवून जरा वेळ आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिले. “पहिल्या वर्षी तू ग्लास घेऊन आलास ना, असाच दोन हातांत धरून. मी तोंड उघडणार होतो. तर हिने टेबलाखालून लाथ मारली.”

‘हिने’ म्हणजे त्यांच्या बायकोने. मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

“तू आत गेल्यावर मला म्हणाली, बिचारा एकटा आहे, लांबून आलाय, त्याला लेक्कर म्हणायचं. मग दरवर्षी मी म्हणायचो. ती असेपर्यंत ती बघत असायची. आणि ती गेल्यावर...” इथे हा दांडगा माणूस अडखळला. “ती गेल्यावर तू ग्लास आणलास की मला पायावर ती लाथ जाणवायची. मग कसं बोलणार मी?”

अक्कांना भाषा कळत नव्हती, पण त्यांनी चकल्यांचं ताट उचलून मुकाट्याने बुर्मानच्या पुढे केलं.

“मग आज कसा बोललास?” काकांनी हळूच विचारलं.

बुर्माननी चकली घेतली. “याच्यावर तीसुद्धा गप्प बसली नसती,” म्हणाले. आणि ग्लास पुढे केला. “ओत अजून. नक्की कुठे बिघडलीय ते बघू दे.” एवढ्या वर्षांत त्यांनी दुसरा ग्लास मागितलेला काकांनी पाहिला नव्हता. काकांनी इतक्या घाईने ओतली की निम्मी फेसातच गेली. आपण उचलून रेडिएटरपाशी ठेवली ती बादली याच बिअरची होती हे मी सांगितल्यावर बुर्माननी कपाळावर हात मारला आणि अक्कांकडे बघून बोट नाचवलं. अक्कांनी त्यांना आणखी एक चकली दिली.

बुर्मान गेले. अक्का मिरजेला परतल्या, गोधडी आमच्याकडे ठेवून. मीही पुढे अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टला स्वतःचं घर घेतलं, सपाट, जिना नसलेलं. काकांचं मात्र नवीनच सुरू झालं. हिवाळा सरला की बाटल्या टॉवेलात गुंडाळून, बॅगेत भरून ट्रेनने ग्रोनिंगेन गाठायचं. निम्म्या देशातून एवढा प्रवास, आणि तिकडे जाऊन काय, तर शिव्या खायच्या. परतीच्या ट्रेनची वाट बघताना मला स्टेशनवरूनच फोन. “पुठ्ठा गेला म्हणतोय, पण कडूपणा कमी पडला.” “या वेळी लोण्याची चव लागली म्हणे, शेवटी दोन दिवस उबेत ठेवायला हवी होती.” पोराचा निकाल सांगावा तशा उत्साहाने सांगायचे. मी म्हणायची, काका, या वयात एवढं ओझं कशाला? ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

यंदाही फोन आला. मागे गाड्यांच्या घोषणा चालल्या होत्या. मी म्हटलं, “काय म्हणाले? काय काय चुकलं?”

“काही नाही.”

“म्हणजे?”

“काही काढलं नाही गं त्याने. ‘वाईट नाही’ म्हणाला.”

मी उभीच राहिले. इतकी वर्षं या देशात काढल्यावर, अशा माणसाच्या तोंडून ‘वाईट नाही’ म्हणजे काय हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, “काका, पेढे वाटा आता!” पलीकडे एक गाडी आली, थांबली, गेली. बहुधा त्यांचीच असावी.

“काका? ऐकताय ना?”

“ऐकतोय,” ते म्हणाले. “ग्लास खाली ठेवून म्हणाला, ही तिला आवडली असती.”